शिक्षकाच्या श्रमाचा घसारा

(शिक्षक-कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)

‘ताणाच्या काळात शिक्षकाने स्वतःची काळजी कशी घ्यावी’ असा विषय आपण मला दिला आहे. मी वैद्य नाही, मानसशास्त्रज्ञही नाही. आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले. तेव्हा माझ्या शास्त्राच्या भाषेतच बोलतो. कारखान्याच्या हिशेबात यंत्राच्या घसाऱ्याची तरतूद दरवर्षी करावी लागते. जो मालक ती करीत नाही, त्याचा नफा खोटा असतो. तो आपले यंत्रच खात असतो. शाळेच्या हिशेबात इमारतीच्या दुरुस्तीचा विचार होतो. शिक्षकाच्या मनाच्या घसाऱ्याचे खाते मात्र मी कोठेही पाहिलेले नाही. तो घसारा शिक्षक आपल्या झोपेतून आणि संसारातून भरून काढतो.

२०२० च्या जून महिन्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. तो एका द्विशिक्षकी शाळेत शिक्षक आहे. साथीच्या त्या दिवसांत तपासणी नाक्यावर पाळी, मग घरोघर सर्वेक्षण आणि रात्री पालकांना फोन, असा त्याचा क्रम चालला होता. तो म्हणाला, “सर, मी आजारी नाही. पण शाळा उघडली तरी वर्गात उभे राहावेसे वाटेल, असे वाटत नाही.” मी त्याला पहाटे फिरायला जाण्याचा आणि चांगले वाचन करण्याचा उपदेश केला. “बरं सर,” एवढेच तो म्हणाला. पुढे त्याने तो विषय पुन्हा काढला नाही. त्या उत्तराची मला आज लाज वाटते. उपदेश खोटा नव्हता. पण ज्या ओझ्याखाली तो वाकला होता, त्याविषयी मी एक अक्षरही विचारले नव्हते.

या अवस्थेला शास्त्रात नाव आहे. न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यात काम करणाऱ्या स्वयंसेवकांमध्ये ती हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी पाहिली आणि १९७४ साली तिच्यावर लिहिले. मन लावून काम करणारी माणसेच तेथे आतून जळून गेली होती, ही गोष्ट आपण कार्यकर्त्यांनी विशेष ध्यानात ठेवावी. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची नोंद ‘रोग’ म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित अवस्था म्हणून केली. गळून जाणे, कामाविषयी मन कडवट होणे आणि आपल्या हातून काही घडत नाही असे वाटणे, ही तिची तीन लक्षणे. कारण कामात असेल, तर उपाय केवळ कामगाराच्या शरीरात शोधणे हा तर्कदोष आहे.

आपल्याकडचे काम कसे आहे? महाराष्ट्रात २००० साली शिक्षणसेवक योजना आली. प्राथमिक शिक्षकाला तीन वर्षे दरमहा ३,००० रुपये मिळू लागले. त्याला वेतन न म्हणता ‘मानधन’ म्हटले गेले आणि शिक्षकाला ‘सेवक’. ते मानधन १६,००० रुपये व्हायला २०२३ साल उजाडावे लागले. विनाअनुदानित शाळांतील आणि तासिका तत्त्वावरील बांधवांची कथा आपण जाणताच. ज्याला पुढच्या वर्षीच्या नोकरीची खात्री नाही, त्याला मनःशांतीचे पाठ देणे हा क्रूर विनोद आहे.

तरीही हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकाचा आठवडा किमान ४५ तासांचा धरला आहे, आणि पाठाची पूर्वतयारी त्यातच मोजली आहे. त्याच कायद्याचे २७ वे कलम जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणूक यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामांना मनाई करते. म्हणून माझी पहिली सूचना अशी: एक महिनाभर आपल्या तासांची रोज नोंद ठेवा. किती वेळ अध्यापनात गेला, किती माहिती भरण्यात, किती मोबाईलवरील आदेशांत. दुसरी सूचना: केंद्रातील पाचसहा शिक्षकांनी महिन्यातून एकदा या वह्या घेऊन एकत्र बसावे. एकट्याला जी आपली दुर्बलता वाटते, ती पाच वह्यांत सारखीच दिसली की तिची मागणी होते. तिसरी: हक्काची रजा अपराधी न वाटता घ्या, झोपेचा वेळ कोणत्याही आदेशाला देऊ नका. आणि दोन-दोन आठवडे झोप येत नसेल, जगणे निरर्थक वाटू लागले असेल, तर विनासंकोच डॉक्टरांकडे जा. १४४१६ या क्रमांकावर ‘टेली-मानस’ ही सरकारी सेवा विनामूल्य मिळते.

शेवटी एक आत्मपरीक्षण. आपल्या चळवळीनेही त्यागाचे इतके गोडवे गायले, की थकलेल्या साथीला आपण दुबळा समजलो. आपल्या मागणीपत्रकांत वेतनाला स्थान मिळाले. विश्रांतीला फारसे नाही. आठ तासांचा दिवस ही कामगार चळवळीची थोर मागणी होती, हे आपण शिक्षकांपुरते विसरलो.

गेल्या वर्षी मी त्या विद्यार्थ्याच्या गावी गेलो. या वेळी उपदेश केला नाही. “तुझा दिवस कसा जातो, तासातासाने सांग,” एवढेच म्हटले. तो दोन तास बोलत होता. निघताना म्हणाला, “सर, हे आजवर कोणी विचारलं नव्हतं.” मित्रहो, उद्या शाळेत गेल्यावर शेजारच्या वर्गावरील शिक्षकाला हा प्रश्न विचारा. संघटनेची सुरुवात तेथून होते.