गुडघ्याचे नऊ महिने
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



विषय मी घरातलाच घेतला आहे. तो म्हणजे खेळणाऱ्या मुलामुलींचा गुडघा.

दत्ताची जत्रा आटोपली आणि शेते मोकळी झाली, की आपल्याकडे कबड्डीची मैदाने आखली जातात. आता मुलीही खेळतात, ही मोठ्या आनंदाची गोष्ट आहे. २०१० साली ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धांत बायकांची कबड्डी प्रथमच आली आणि ते पहिले सुवर्णपदक भारताच्या मुलींनीच आणले. पण याच खेळात गुडघ्याला फार जपावे लागते.

मांडीचे हाड आणि नडगी यांना सांध्याच्या आत दोन बंध फुलीसारखे धरून ठेवतात. त्यांतला पुढचा बंध नडगीला पुढे सरकू देत नाही. डॉक्टर त्याला एसीएल म्हणतात. चढाईत पाय रोवून मुलगी एकदम वळली, किंवा पकडीत पाय एकीकडे नि अंग दुसरीकडे गेले, की तो तुटतो. पुष्कळदा खट् असा आवाज येतो आणि काही तासांत गुडघा सुजतो. अशा वेळी तेल लावून चोळू नये, पाय ओढून बसवू नये. खेळ थांबवावा, फडक्यात बर्फ गुंडाळून ठेवावा, पाय उंचावर घ्यावा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे. एक्स-रेमध्ये हाड दिसते, बंध दिसत नाही. तेव्हा “फोटोत काही नाही” म्हणून मुलीला पुन्हा मैदानावर धाडू नये. बंधासाठी एमआरआय काढतात.

मोडलेले हाड सांधते, तसा हा बंध सहसा आपोआप सांधत नाही. प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागतेच असेही नाही. काहींचे काम व्यायामाने भागते. परंतु वळणावळणाचे खेळ पुन्हा खेळायचे असतील तर बहुधा ती करतात. मांडीच्या मागचा किंवा वाटीखालचा दोरीसारखा भाग काढून, दुर्बिणीतून, नवा बंध म्हणून बसवितात. वाढीच्या वयातल्या मुलांत हाडाच्या वाढीला धक्का लागू नये अशी विशेष काळजी घ्यावी लागते.

आता माझा खरा मुद्दा. शस्त्रक्रिया तास-दोन तासांची, पण गुडघा नऊ महिन्यांचा. आपणा बायकांना नऊ महिन्यांचा हिशेब कोणी शिकवायला नको. नव्या बंधाला आरंभी स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. पहिल्या काही महिन्यांत तो उलट कमजोर होतो आणि मग हळूहळू मुरतो. पण दुखणे तर तिसऱ्या महिन्यातच थांबलेले असते! मुलगी दत्ताच्या डोंगराच्या पायऱ्या चढून येते आणि म्हणते, “मी बरी झाले.” पायऱ्यांवर पाय सरळ पडतो. बंधाची खरी परीक्षा वळताना आणि उडी मारून उतरताना होते. नॉर्वे आणि अमेरिका येथील खेळाडूंच्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की नऊ महिन्यांपर्यंत खेळ जितके महिने लांबवावा, तितका दर महिन्यामागे पुन्हा इजा होण्याचा धोका जवळजवळ निम्म्याने घटतो. शिवाय, दुखऱ्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या निदान नव्वद टक्के झाली की नाही, हेही तपासून घ्यावे.

आमच्या धाकट्या जाऊबाईंच्या मुलीची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा फिजिओथेरपीच्या बाईंनी सांगितलेली एक गोष्ट सर्वांनी ध्यानात ठेवावी. आपण मायेने गुडघ्याखाली उशी देतो. त्याने गुडघा वाकलेलाच आखडतो. टॉवेलची गुंडाळी टाचेखाली द्यावी, म्हणजे गुडघा सरळ होतो. गुडघा वाकण्याइतकेच तो पुरता सरळ होणेही महत्त्वाचे आहे. उकिडवे बसणे, मांडी घालणे, पाण्याची कळशी उचलणे हे डॉक्टरांनी सांगितल्यावाचून सुरू करू नये.

भगिनींनो, येथे थोडे स्पष्ट बोलते. मुलाचा गुडघा गेला तर घर त्याला पलंगावर बसवून जेवायला वाढते. मुलगी जरा चालू लागली की तिच्या हाती केरसुणी येते आणि व्यायाम राहून जातो. घरात हिंडणे-फिरणे म्हणजे व्यायाम नव्हे. वर कोणी म्हणते, “पुरे झाला खेळ, उद्या लग्न करायचे.” खेळ सोडला तरी गुडघा जन्माचाच आहे. निसटता गुडघा तसाच राहिला तर आतली गादी फाटते आणि चाळिशीच्या आतच जिना उतरणे जड होते. म्हणून मुलीला दिवसाचे व्यायाम करू देणे, हे त्या घरचे पहिले काम समजावे.

धीर देण्यासारखी उदाहरणे पुष्कळ आहेत. कुस्तीगीर विनेश फोगाट हिचा गुडघा ऑगस्ट २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये गेला, तिला स्ट्रेचरवरून न्यावे लागले. मे २०१७ मध्ये तिने दिल्लीत आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत रौप्यपदक मिळविले आणि २०१८ साली जाकार्तात आशियाई सुवर्ण. आपल्या सांगलीच्या स्मृती मानधनाचा बंध जानेवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात खेळताना तुटला. जूनमध्ये विश्वचषकात तिने इंग्लंडविरुद्ध ९० आणि वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद १०६ धावा केल्या. पण तिच्या पाच महिन्यांवरून आपल्या मुलींनी हिशेब करू नये. तो तज्ज्ञांच्या रोजच्या देखरेखीखालचा, आणि फलंदाजीत कोणी पाय धरून ओढत नाही.

इजा टाळताही येते. मुलींना ही इजा मुलांहून अधिक होते. पण खेळापूर्वी पंधरा-वीस मिनिटे ठरीव व्यायाम केले, उडीनंतर गुडघे वाकवून, ते आत न झुकविता उतरायला शिकविले, तर ती जवळजवळ निम्म्याने कमी होते, असे अनेक देशांत दिसून आले आहे. त्याला पैसा लागत नाही. आपल्या मंडळाने गावातल्या संघांच्या शिक्षकांना एवढा आग्रह धरावा, अशी माझी सूचना आहे.