नोंद खरोखर झाली का?

नाशिकमधल्या सातपूर किंवा अंबडच्या एखाद्या कारखान्यासाठी तुम्ही प्रोग्राम लिहिता आहात असे समजा. यंत्रांचे तापमान सतत येते आणि ते फाइलमध्ये उतरवायचे आहे. त्यासाठी तुम्ही नोड जेएस घेतले. रायन डाल यांनी ते २००९ मध्ये जगापुढे आणले. त्यातल्या, फाइलकडे मजकूर नेणाऱ्या स्ट्रीमला तुम्ही 'राइट' असा हुकूम देता आणि तो क्षणात परततो. मग नोंद फाइलमध्ये गेली का? बहुतेक वेळा अजून गेलेली नसते.

डिस्क प्रोग्रामच्या मानाने फारच संथ. म्हणून लायब्ररी मजकूर मेमरीतल्या बफरमध्ये ठेवून घेते आणि तुम्हाला पुढच्या कामाला मोकळे करते. मागाहून तो क्रमाने फाइलकडे जातो. पहिली नोंद आधी, दुसरी नंतर. क्रमाची काळजी नको.

'राइट' उत्तरादाखल 'ट्रू' किंवा 'फॉल्स' देते. 'फॉल्स' आले की मजकूर नाकारला गेला, असे समजून पुष्कळजण तीच नोंद पुन्हा पाठवतात आणि ती फाइलमध्ये दोनदा उमटते. वास्तविक मजकूर घेतलेलाच असतो. बफर ठरलेल्या मर्यादेला पोहोचला, एवढाच त्याचा अर्थ. ही मर्यादा पूर्वी १६ किलोबाइट होती, बाविसाव्या आवृत्तीपासून ६४ आहे.

बफर म्हणजे एक धरणच. गंगापूर धरण भरत आले की विसर्ग वाढवावा लागतो आणि गोदाकाठी दुतोंड्या मारुतीपाशी पाणी चढते. वरून येणाऱ्या पाण्याला थांब म्हणता येत नाही. प्रोग्रामला मात्र म्हणता येते, आणि 'फॉल्स' तेच सांगत असते. तेव्हा लिहिणे थांबवावे आणि 'ड्रेन' ही सूचना आली की पुन्हा सुरू करावे. न जुमानता लिहीत राहिलात तर मेमरी फुगत जाते आणि शेवटी प्रोग्राम कोसळतो. हा हिशेब स्वतः ठेवायचा नसेल तर 'पाइपलाइन' वापरावी. ती तो परस्पर सांभाळते.

चुकीचेही असेच. डिस्क भरली तर ते 'राइट'च्या ओळीवर कळत नाही, नंतर 'एरर' म्हणून येते. त्या ओळीभोवती ट्राय-कॅच घालून ती सापडत नाही.

काम संपताना 'एंड' म्हणा आणि 'फिनिश'ची वाट पाहा. त्याआधीच 'प्रोसेस एक्झिट' केले तर बफरमधला मजकूर हरवू शकतो. 'फिनिश' आले तरी मजकूर ऑपरेटिंग सिस्टिमच्या हवाली झाला, इतकेच ठरते. वीज गेली तरी नोंद टिकायलाच हवी असेल, तर 'एफसिंक' करून ती डिस्कवर उतरवून घ्यावी लागते.

विद्यार्थी मित्रहो, 'राइट'चे उत्तर तपासा, 'एरर' ऐका, आणि 'फिनिश' आल्याशिवाय नोंद झाली असे कोणाला कळवू नका.