देखाव्याची परिभाषा
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



ज्याचे आयुष्य फळ्यापुढे गेले, त्यास शब्दांची ओढ असावयाचीच. आजचा आमचा विषयही शब्दांचाच आहे. 'देखावा' हा शब्द आपण गणपतीच्या आराशीपासून समुद्रापर्यंत सरसहा योजतो. परंतु देखाव्याचे मूल्य ठरवून तो जतन करण्याचे आता स्वतंत्र शास्त्र झाले असून त्याची परिभाषा आपल्या तरुणांस अवगत असणे अगत्याचे आहे.

उदाहरण घराजवळचेच घेऊ. मलबार टेकडीवरील कमला नेहरू उद्यान १९५२ साली खुले झाले. तेथील कठडा हे 'दर्शनस्थान'. खालच्या उतारावरील झाडी ही 'अग्रभूमी', चौपाटी व मरीन ड्राइव्हची कमान ही 'मध्यभूमी', आणि पलीकडे नरिमन पॉइंटच्या इमारती ही 'पार्श्वभूमी'. कठड्यापासून चौपाटीपर्यंत नजरेची जी मोकळी वाट, तो 'दृष्टिमार्ग'. इमारतींचे माथे आकाशास भिडतात ती 'नभोरेषा'. लालबाग-परळची नभोरेषा एके काळी गिरण्यांच्या धुराड्यांनी ओळखली जाई. तेथे आता मनोरे आहेत. आणखी एक शब्द ध्यानी ठेवावा : 'सामावनशक्ती'. दाट झाडीत एखादे घर लपून जाते. मोकळ्या किनाऱ्यावर एकच मनोरा सर्वांच्या डोळ्यांत सलतो.

हे केवळ शब्दांचे खेळ नव्हेत. लंडन शहरात सेंट पॉलच्या घुमटाचे दर्शन अबाधित राहावे म्हणून १९३० च्या दशकापासून भोवतालच्या इमारतींच्या उंचीवर मर्यादा आहे. अमेरिकेच्या वनखात्याने १९७४ साली देखाव्याच्या प्रती ठरवून दिल्या. आपल्याकडेही मलबार टेकडीवरील उद्यानांतून दिसणारी चौपाटी झाकली जाऊ नये, एतदर्थ लगतच्या इमारतींच्या उंचीवर विकास नियमावलीत बंधने घालण्यात आली. १९९५ साली मुंबईस वारसा नियमावली मिळाली. २०१८ साली ओव्हल मैदानाच्या दोहों बाजूंच्या गॉथिक व आर्ट डेको इमारती जागतिक वारसा ठरल्या; मधले मैदान मोकळे राहिले, म्हणूनच त्या समोरासमोर दिसतात.

आता मुद्द्याची गोष्ट. गिरगाव-दादरच्या चाळींच्या जागी उंच इमारती होत आहेत. आपल्याच कुटुंबांस त्यांत पक्की घरे मिळतात. त्यास विरोध करावा असे आम्ही म्हणत नाही. परंतु कायद्याचा एक भेद समजून घ्यावा. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यान्वये प्रकाश व हवा यांचा हक्क वीस वर्षांच्या निर्वेध उपभोगाने मिळू शकतो; खिडकीतील देखाव्याचा हक्क तसा मिळत नाही. म्हणून जपावयाचे ते सार्वजनिक दर्शनस्थान. ज्याच्या खिडकीस समुद्र नाही, त्याचा समुद्र त्या कठड्यावरच असतो.

१९६६ च्या नगररचना कायद्यानुसार प्रारूप विकास आराखड्यावर नागरिकांच्या हरकती व सूचना मागविल्या जातात. 'देखावा बिघडेल' एवढेच लिहिले, तर ती भावना ठरते. 'अमुक दर्शनस्थानावरून अमुक दृष्टिमार्गात इतक्या उंचीचा अडथळा येतो' असे लिहिले, तर तो मुद्दा ठरतो आणि मुद्द्यास उत्तर द्यावे लागते.

तेव्हा आमची विनंती एवढीच : ज्ञातीच्या विद्यार्थ्यांनी सुट्टीत आपापल्या विभागांतील सार्वजनिक दर्शनस्थानांची यादी करावी, तेथून काय दिसते ते रेखाटावे, आणि ती वही मंडळाच्या कचेरीत ठेवावी. प्रसंगी ती उपयोगी पडेल.