रिठावर जीप आली तर

(तालुका मेळाव्यात संघटनेच्या वतीने केलेल्या भाषणाचा हा मजकूर आहे. बऱ्याच गावांनी लेखी मागितला म्हणून छापत आहोत. ज्यांना वाचता येतं त्यांनी ग्रामसभेत मोठ्यानं वाचून दाखवावा आणि अंक पुढच्या टोल्यावर द्यावा.)

आयाबायांनो, सगे-सोबत्यांनो,

मोहफूल वेचून झालं, तेंदूचा हंगाम तोंडावर आहे. तरी एवढ्या उन्हात तुम्ही चालत आलात. आज आम्ही दाव्यांबद्दल आणि पट्ट्यांबद्दल बोलणार, असं तुम्हाला वाटत असेल. बोलणारच आहोत, पण जरा वेगळ्या वाटेनं. आधी त्या जीपबद्दल बोलू.

कोणती जीप ते इथं बसलेल्या तीन-चार गावांना माहीत आहे. उंच चाकांची, चारही चाकं ओढणारी. नाल्यातून चढते, दगडावरून जाते, तिला रस्ता लागत नाही. त्यात चार-पाच माणसं असतात. हातात लांब दांडा, दांड्याच्या टोकाला ताटाएवढं चपटं कडं, कानावर ऐकायचं यंत्र. विचारलं तर कुणी सांगतो टॉवरची पाहणी आहे, कुणी सांगतो पाण्याचा शोध आहे. खरं म्हणजे ते गुप्तधन शोधत असतात. सोनं, जुनी नाणी, गोंड राजाचा खजिना.

आपल्या एका गावात काय झालं ते आधी सांगतो. गावाचं नाव घेत नाही, गावकऱ्यांनीच तसं सांगितलं आहे. त्या गावाचा जुना रिठ जंगलात आत आहे. आज्या-पणज्याच्या वेळचं गाव तिथं होतं. जीपवाले दोन पोट्ट्यांना रोजी देऊन वाट दाखवायला घेऊन गेले. यंत्र जिथं वाजलं तिथं खोदलं. दिवसभरात सतरा खड्डे. निघालं काय? कुऱ्हाडीचं एक पातं, नांगराचा गंजलेला फाळ, बैलाच्या गळ्यातली घंटी आणि इंग्रजांच्या वेळची दोन तांब्याची नाणी. नाणी त्यांनी खिशात घातली, बाकी तिथंच फेकलं. मग ते गेले मसणवटीकडे. तिथं गोटे उभे केलेले आहेत, तिथं यंत्र फार वाजायला लागलं.

सरपण आणायला गेलेल्या एका आजीनं त्यांना पाहिलं. ती त्यांच्यापुढं उभी राहिली आणि म्हणाली, "माह्या सासूले इथं ठेवलं हाय. तुमी कायले खोदून रायले?" त्यांनी आजीला शंभराची नोट दिली. आजीनं ती घेतली नाही. पण तोवर तीन गोटे आडवे झाले होते.

यंत्र काय करतं

या यंत्रात जादू काही नाही. कड्याच्या आत तारेचं वेटोळं असतं. त्यातून वीज खेळवली की आजूबाजूला चुंबकाचा जोर तयार होतो. जमिनीत धातू असला तर त्या जोरानं धातूमध्येही बारीक वीज फिरते, आणि ते यंत्राला कळतं. मग ते वाजतं. बस एवढंच.

पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, हातात धरायच्या यंत्राला एकटं नाणं फार तर वीतभर, फूटभर खोलीवरचं कळतं. मोठी वस्तू असेल तर आणखी थोडं खोल. "दहा हात खाली हंडा आहे, यंत्रानं दाखवला" असं कुणी सांगितलं तर तो फसवतो आहे. काही जण हातात फिरणारी काडी घेऊन येतात आणि कोसावरचं सोनं दिसतं म्हणतात. त्या काडीला विज्ञानाचा काहीच आधार नाही. आपल्या माणसांनी त्यासाठी घरातली बकरी विकून पैसे भरू नयेत.

दुसरी गोष्ट, कुठला धातू आहे हे यंत्राला पक्कं सांगता येत नाही. महागडं यंत्र अंदाज करतं, तोही चुकतो. खिळा, पत्र्याचा डबा, गोळीची पुंगळी, लोखंड असलेला दगड, सगळ्यावर वाजतं. म्हणजे सोन्याच्या एका तुकड्यासाठी माणूस शंभर ठिकाणी खोदतो. आणि माणसाच्या हातचा धातू जंगलात कुठं असणार? जिथं माणूस राहिला तिथं. जिथं माणूस पुरला तिथं. आपल्या बऱ्याच गावांत मृताबरोबर नाणं ठेवतात, अंगावरचे दागिने तसेच राहू देतात. मग यंत्र त्यांना सरळ कुठं घेऊन जातं, ते तुम्हीच सांगा.

खजिना कुणाचा आणि पुरावा कुणाचा

गोंड राजांचे किल्ले आपल्या भागात आहेत. वैरागड आहे, टिपागड आहे, तिकडे माणिकगड आहे. वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख अकबराच्या काळातल्या ऐन-इ-अकबरीत आहे. म्हणून गोष्टी पसरतात. पण रिठ म्हणजे किल्ला नव्हे. रिठावर राहणारे लोक मोहफूल देऊन मीठ घेत होते. त्यांनी हंडे कुठून पुरले असतील? त्यांच्या घरात होतं ते लोखंड, माती आणि दगड. तेच तिथं राहिलं आहे.

आणि आपल्यासाठी तेच मोलाचं आहे. इथून नीट ऐका.

वनहक्क कायदा 2006 चा आहे, नियम 2008 चे आहेत. नियम 13 मध्ये पुराव्यांची यादी आहे. त्यात फक्त कागद नाहीत. घर, झोपडी, बांध, सपाट केलेली जमीन हा पुरावा आहे. जुनेपण दाखवणाऱ्या विहिरी, दफनाच्या जागा, देवाच्या जागा हा पुरावा आहे. सामूहिक हक्कासाठी तर स्पष्ट लिहिलं आहे की, गावानं बांधलेल्या वास्तूंचे अवशेष, देवाची झाडं, देवराई, तळी, दफनाच्या व दहनाच्या जागा पुराव्यात धराव्यात. एकापेक्षा जास्त पुरावे बघायचे असतात. आपल्या म्हाताऱ्यांचं सांगणं आणि रिठावरचा दगड, हे दोन्ही मिळून दावा उभा राहतो.

आपल्याबरोबर ढिवर आहेत, गोवारी आहेत, इतर कास्तकार आहेत. त्यांना कायद्यात इतर पारंपरिक वननिवासी म्हणतात. त्यांना तर तीन पिढ्या म्हणजे 75 वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. त्यांच्याकडे तेव्हाचा कागद कुठला? त्यांची जुनी बोडी, जुनी विहीर, जुनी मसणवट हाच कागद.

एका गावात पडताळणीला साहेब आले तेव्हा गावानं त्यांना रिठावर नेलं. फुटकं जातं दाखवलं, दगडी पाटा दाखवला, घरांच्या जोत्यांची रांग दाखवली, मसणवटीतले गोटे कुणाचे ते एकेक करून सांगितले. पंचनाम्यात सगळं उतरलं. दुसऱ्या गावात जीपवाले आधी येऊन गेले होते. तिथं साहेबांना दिसले खड्डे आणि उकरलेली माती. पंचनाम्यात लिहिलं गेलं, "अलीकडे खोदकाम केल्याचे दिसते." आमच्या लोकांनी किती सांगितलं, हे आम्ही केलं नाही. तो दावा अजून लटकला आहे.

म्हणून आम्ही म्हणतो, त्यांनी नेली ती दोन नाणी म्हणजे तांब्याचे दोन तुकडे नव्हते. ती कुठल्या घराच्या जोत्यात, किती खोल, कशाजवळ होती, हे माहीत असतं तर ती साक्षीदार होती. जागेवरून उचललेलं नाणं मुकं होतं. बाजारात त्याला किंमत येईल, पण गाव कधीपासून होतं ते त्याला सांगता येणार नाही.

नागपूरच्या बाजूचं एक उदाहरण देतो. पेंच नदीच्या काठी नायकुंड नावाचं गाव आहे. तिथं शिलावर्तुळं आहेत, म्हणजे गोलाकार मांडलेले दगड, त्याखाली जुन्या माणसांनी आपले मृत ठेवलेले. तशीच जुनापाणीला तीनशेच्या आसपास आहेत. नायकुंडला शास्त्रज्ञांनी हळूहळू, थर बघत खोदलं, तेव्हा लोखंड गाळायची भट्टी सापडली. दोन-अडीच हजार वर्षांहून जुनी. या भागात त्या काळी माणसं दगडातून लोखंड काढत होती, हे तिथं सिद्ध झालं. आता समजा त्यांच्या आधी जीप गेली असती. यंत्र वाजलं असतं, पोरांनी फावड्यानं उकरलं असतं, "सोनं नाही, गंज आहे" म्हणून लोखंडाची मळी फेकून दिली असती. मग कुणी कशावरून सांगितलं असतं?

जीपच्या चाकाचं

चाकाचंही नुकसान आहे. जीप बांधीच्या धुऱ्यावरून गेली की धुरा बसतो, पाणी थांबत नाही, धान जातं. उतारावर चाकाच्या दोन चरी पडतात आणि दोन पावसाळ्यांत त्याचा नाला होतो. शिवाय जीपनं पाडलेली वाट जीपपुरती राहत नाही. मागून लाकडाची गाडी येते. सागवान गेलं की नाव मात्र जवळच्या टोल्याचं घेतात.

कायदा काय म्हणतो

भारतीय वन कायदा 1927, कलम 26. राखीव जंगलात जमीन फोडणं गुन्हा आहे. हे कलम तुम्हाला शिकवायला नको, नांगर धरला म्हणून आपल्या बापजाद्यांवर हेच लावलं. पण त्यात नुसती शेती लिहिलेली नाही, शेतीसाठी किंवा दुसऱ्या कशासाठीही असं लिहिलं आहे. जीपवाल्यालाही ते लागतं.

जमिनीत दडलेल्या धनाचा कायदा 1878 चा आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर सापडणाऱ्यानं कलेक्टरला लेखी कळवायचं. काय सापडलं, कुठं, कधी, ते लिहायचं. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद आणि वाटाही जातो. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरातन धरली जाते. परवान्याशिवाय तिचा धंदा करता येत नाही, देशाबाहेर विकता येत नाही, हा 1972 चा कायदा.

आणि आपला वनहक्क कायदा, कलम 5. आपल्या सांस्कृतिक आणि नैसर्गिक वारशाची नासधूस होऊ नये हे बघण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे. सामूहिक वनात कुणी यावं, कुणी येऊ नये, हे ठरवण्याचाही आहे. ग्रामसभेनं असा ठराव केला तर तो पाळला गेला पाहिजे, असं कलमातच लिहिलं आहे.

आपल्या पोरांबद्दल

आता जरा आपल्याच घरात बघू. वाट कुणी दाखवली? आपल्या पोरांनी. आम्ही त्यांना शिव्या देणार नाही. रोजगार हमीचे पैसे वेळेवर येत नाहीत, आणि जीपवाला संध्याकाळी हातात नोट देतो. पण पोरांनो, पोलीस आले की जीप निघून जाते. फावडं ज्याच्या हातात, तो सापडतो. गुन्हा त्याच्यावर, जामिनाचा खर्च त्याच्या बापावर.

याहून भयंकर एक गोष्ट आहे. यंत्राला काही सापडलं नाही की हे लोक मांत्रिक आणतात. मग मांडूळ पाहिजे, वीस नखांचं कासव पाहिजे, पायाळू पोर पाहिजे. पायाळू माणसाला जमिनीतलं धन दिसतं ही थाप आहे. पायाकडून जन्मलेलं लेकरू तुमच्या-आमच्यासारखंच बघतं. गावात कुणी "पायाळू कोण आहे?" असं विचारत फिरत असेल तर ती साधी चौकशी समजू नका. गुप्तधनासाठी नरबळीचा प्रयत्न झाल्याच्या बातम्या आपल्या राज्यात आलेल्या आहेत. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. त्याच दिवशी पोलीस ठाण्यात कळवा. लेकरांना एकटं गुरांमागं पाठवू नका.

काय करायचं

जीप आली तर मारहाण करायची नाही. एक दगड फेकला की खटला आपल्यावर उलटतो. चार-पाच जणांनी, त्यात बाया असाव्यात, जाऊन उभं राहायचं. नाव, गाव विचारायचं, परवानगीचा कागद मागायचा. गाडीचा नंबर, तारीख, वेळ लिहून ठेवायची. मोबाईल असेल तर फोटो काढायचा.

खड्डे लगेच बुजवू नका. आधी मोजा, ग्रामसभेचा पंचनामा करा, पाच जणांच्या सह्या-अंगठे घ्या. त्याच्या प्रती तहसील, वनविभाग आणि पोलीस ठाण्याला द्या, आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका. मसणवटीतले गोटे मात्र गायता-भुमयाला विचारून रीतीप्रमाणे उभे करा.

नांगरताना आपल्यालाच काही सापडलं तर लपवू नका, दुकानदाराला दाखवू नका. ग्रामसभेत सांगा, कलेक्टरला लेखी कळवा, जागेवर खूण करा.

आणि सगळ्यात आधी करायचं काम म्हणजे रिठाची नोंद. या पावसाळ्याच्या आत प्रत्येक गावानं म्हाताऱ्या-म्हाताऱ्यांना घेऊन रिठावर जावं. चालवत नसेल तर बाजेवर उचलून न्यावं. विहीर कुठली, जोतं कुणाचं, गोटा कुणाचा, आंबा कुणी लावला, ते सांगतील तसं पोरांनी वहीत लिहावं, नकाशा काढावा. गाव का उठलं तेही लिहा. पटकी आली, दुष्काळ पडला, मालगुजाराची बेगार सहन झाली नाही, का जंगल राखीव झालं. ज्या आजीनं नोट परत केली तिला त्या मसणवटीतले बावीस गोटे नावानिशी माहीत आहेत. तिच्या गावानं अजून एकही लिहून घेतलेला नाही. आजी आता थकली आहे. जीप पुढच्या महिन्यात येईल का वर्षानं येईल, सांगता येत नाही. आजीसाठी मात्र थांबू नका.

ग्रामसभेसाठी ठरावाचा नमुना

"आमच्या गावाच्या सामूहिक वनहद्दीत, जुन्या रिठावर, मसणवटीत व देवस्थानात ग्रामसभेच्या लेखी संमतीशिवाय कुणीही धातूशोधक यंत्र वापरू नये, खोदू नये, वाट सोडून वाहन नेऊ नये. गावातील कुणीही अशा कामावर मजुरीस जाऊ नये. हा ठराव वनहक्क कायदा 2006 च्या कलम 5 प्रमाणे करण्यात येत आहे."

ठराव झाला की एक प्रत संघटनेकडे पाठवा. रिठाची वही पुढच्या मेळाव्याला घेऊन या.

सेवा जोहार!