दोष कांडीचा की गाईचा?



 

गाय उलटली, म्हणजे भरूनही पुन्हा माजावर आली, की गोठ्यात दोघांवरच बोट जातं: रेतकांडीवर, नाहीतर ती भरणाऱ्यावर. प्रयोगशाळेची नजरही तेवढीच. गोठवलेली कांडी कोमट पाण्यात वितळवायची, काचपट्टीवर थेंब ठेवायचा, निम्मे शुक्राणू सरळ पुढे जाताना दिसले की मात्रा पास. ज्या देहात त्यांना जायचंय, तो देह या परीक्षेत कुठेच नाही.

१९५१ साली अमेरिकेत चँग आणि ऑस्ट्रेलियात ऑस्टिन या शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे दाखवून दिलं की ताजा शुक्राणू बीज फलित करू शकत नाही; मादीच्या मार्गात काही तास काढल्यावरच ती क्षमता येते. त्यांचे प्रयोग ससे-उंदरांवरचे होते, पण गाई-म्हशींतही तेच खरं आहे.

नैसर्गिक संयोगात पहिली गाळणी गर्भाशयमुखाची. त्याच्या खोल चरांत सोट, म्हणजे माजातला चिकट स्राव, पातळ असते, मधोमध दाट. जोमदार शुक्राणू चरांतून वर सरकतात. कृत्रिम रेतनात आपण ही गाळणी ओलांडूनच रेत सोडतो. पुढे गर्भाशयात पांढऱ्या पेशी धावून येतात, आकुंचनांबरोबर बरंचसं रेत उलट बाहेर वाहतं. मात्रेतल्या दोन कोटींपैकी गर्भनलिका गाठतात ते मोजके हजार.

मला सर्वांत विलक्षण वाटतो तो गर्भनलिकेचा खालचा अरुंद भाग. तिथल्या लवदार पेशींना शुक्राणू डोक्याने चिकटतात. वीर्यरसातली जी प्रथिनं शुक्राणूवर बसलेली असतात, तीच ही पकड जमवतात. चिकटलेला शुक्राणू शांत राहतो, त्याच्या आत कॅल्शियम चढत नाही, आयुष्य लांबतं. बीज सुटायच्या सुमारास शेपटी जोरजोरात फटकारू लागते, पकड सुटते, तो वर निघतो. सगळे एकदम सुटत नाहीत, म्हणून एका बीजाभोवती गर्दी होत नाही. गाय इथं शुक्राणू निवडते, जपते, वेळ साधून सोडते.

हा साठा भरायला काही तास लागतात, आणि माज संपल्यावर साधारण १० ते १२ तासांनी बीज सुटतं. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरा, हा ट्रिंबर्गर यांच्या १९४० च्या दशकातल्या नेब्रास्कातल्या निरीक्षणांतून आलेला नियम याच हिशोबावर उभा आहे. गोठवलेल्या रेताला तर वेळेची चूक अजिबात परवडत नाही. गोठवताना पेशीपटल दुखावतं, शुक्राणू अर्धवट पक्व होऊनच आत पोचतो, पकड कमकुवत, आयुष्य तोकडं. लिंगनिर्धारित कांडीत शुक्राणू वीसेक लाखच, त्यामुळे गाईच्या मार्गावरचा भार आणखी वाढतो.

हे बहुतेक ज्ञान परदेशी गाई आणि डुकरिणींवरचं आहे. मुका माज दाखवणाऱ्या आपल्या पंढरपुरी म्हशीच्या गर्भनलिकेवर आपण फार थोडं काम केलंय, याचं मला मनापासून दुःख आहे. म्हशीच्या गर्भनलिका कत्तलखान्यांतून मिळू शकतात. त्यांच्या पेशी वाढवून प्रत्येक रेड्याचं रेत किती चिकटतं, किती वेळ टिकतं, हे आपल्या पशुवैद्यक महाविद्यालयांनी तपासावं. आणि रेतनाच्या नोंदवहीत वळूच्या क्रमांकाशेजारी दोन रकाने वाढवावेत: माज कधी सुरू झाला, आणि सोट काचेसारखी होती की गढूळ. याचा ठराव मी या परिषदेच्या आज दुपारच्या सत्रात मांडणार आहे.