रानांतलें अळंबें : नांव आणि ओळख

पावसाच्या पहिल्या सरी मुरल्या कीं कोंकण-गोमंतकांतील रानांत वारुळांच्या आसपास पांढरीं अळंबीं डोकें वर काढतात. पानांत बांधून तीं बाजारांत येतात, मोजून विकलीं जातात आणि त्यांना मोठा भाव मिळतो. गोमंतकांत वारुळाला रोयण म्हणतात. म्हणून हीं ‘रोयण-अळमीं’. हें नांव रूपावरून नव्हे, घरावरून पडलेलें आहे.

शास्त्रानेंही तोच मार्ग धरला. १९४२ सालीं फ्रेंच शास्त्रज्ञ रॉजर हाइम यांनीं या कुलाला ‘टर्मिटोमायसीस’, म्हणजे वाळवीची बुरशी, असें नांव दिलें. पुढें १९७९ सालीं के. नटराजन यांनीं भारतांतील एका जातीला ‘टर्मिटोमायसीस हाइमी’ म्हणून हाइम यांचें स्मरण राखलें.

हें नातें मोठें विलक्षण आहे. भूमीखालीं वाळवी लांकूड व पालापाचोळा पोटांतून काढून त्याचीं स्पंजासारखीं पोळीं रचते. त्यांवर वाढणारी बुरशी तें कठीण अन्न वाळवीला पचेल असें करून देते. पावसाळ्यांत त्याच पोळ्यांतून देंठ निघतो आणि माती भेदून वर येतो. देंठाचा मातींतला भाग मुळासारखा लांब असतो.

ओळखींत चूक झाली तर ती जिवावर बेतते. चांदीचा चमचा काळा पडला नाहीं, किंवा किड्यांनीं खाल्लें, म्हणून अळंबें निर्विष ठरत नाहीं. ‘अमानिता’ कुलांतील प्राणघातक अळंब्यांच्या विषाचीं लक्षणें ६ ते २४ तासांनीं दिसतात. तोंवर यकृतावर घाला पडलेला असतो.

म्हणून जाणकार अनेक खुणा एकत्र पाहतो : टोपीच्या मध्यभागीं टोकदार उंचवटा, वारुळाकडे जाणारें मूळ, तळाशीं पेल्यासारखें आवरण नसणें. टोपी रात्रभर कागदावर ठेवली असतां गुलाबी भुकटी पडते. अमानितेची पांढरी, आणि हिरवी पडली तर तें दुसरेंच विषारी अळंबें. एखादी खूण जुळली एवढ्यानें कोणी निश्चिंत होऊं नये. शंका उरली तर अळंबें टाकून द्यावें.

मूळ पाहण्यासाठीं वारूळ मात्र फोडूं नये. बोटांनीं माती सारावी आणि पुन्हा लोटावी. घर मोडलें कीं पुढच्या पावसाळ्यांत तेथें अळंबें उगवत नाहीं, आणि नांव तेवढें मागें राहतें.