मर्यादांचा उघड हिशेब



व्यवसायाचे नियोजन आणि साधनांचे वाटप या विषयावरची ही परिषद नवी मुंबईत भरते आहे, हे मला फार उचित वाटते. हे शहर वाटपाच्या प्रश्नातूनच जन्माला आले. मुंबई बेटावर वस्ती, कारखाने, घाऊक बाजार आणि बंदर यांची दाटी झाली, तेव्हा १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना ‘मार्ग’ या नियतकालिकात मांडली. १९७० मध्ये त्यासाठी सिडको ही सरकारी संस्था स्थापन झाली आणि पंच्याण्णव गावांचा, सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचा प्रदेश तिच्या नियोजनाखाली आला. पुढे घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने वाशीला आले, १९८९ मध्ये न्हावा-शेवाचे बंदर सुरू झाले. किती जमीन घरांना, किती उद्योगांना, कोणत्या धरणाचे पाणी कोणत्या नोडला, म्हणजे उपनगराला, कोणत्या मार्गावर किती बस, हे प्रश्न या शहराला रोज पडतात. साधन मोजकेच, मागणारे अनेक आणि साधायचे काहीतरी एक, अशी या सगळ्यांची घडण आहे. लिनियर प्रोग्रॅमिंग, म्हणजे रेषीय नियोजन, ही अशाच प्रश्नांसाठी घडलेली गणिती पद्धत आहे. आपल्याकडे ती बारावीच्या गणितात येते, व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात पुन्हा येते आणि परीक्षा संपली की बहुतेकांच्या कामातून निघून जाते.

ती निघून जाते, कारण आपण तिच्याकडे उत्तर काढण्याचे यंत्र म्हणून पाहतो. माझे म्हणणे वेगळे आहे. या पद्धतीची मोठी देणगी उत्तरात नाही. आपल्याला काय साधायचे आहे आणि कोणकोणत्या मर्यादांच्या आत साधायचे आहे, हे ती आधी कागदावर लिहायला लावते आणि मग प्रत्येक मर्यादेची आपण किती किंमत मोजतो आहोत ते सांगते. खासगी धंद्यात याचा उपयोग आहेच, पण सार्वजनिक वाटपात तो कितीतरी मोठा आहे.

आधी धंद्याचे उदाहरण घेऊ. समजा, रबाळ्याच्या औद्योगिक पट्ट्यात रंग बनवणारा एक छोटा कारखाना आहे. तो घरगुती आणि औद्योगिक असे दोन रंग काढतो. घरगुती रंगाच्या एका घाण्यावर ३,००० रुपये सुटतात, औद्योगिकवर ५,०००. घरगुती घाण्याला मिक्सरचे २ तास आणि डबे भरण्याचे ३ तास लागतात. औद्योगिकला मिक्सरचे ४ आणि भरणीचे २. आठवड्याला मिक्सर ८० तास मिळतो, भरणीला ७२ तास, आणि गोदामात ३५ घाण्यांचा माल मावतो. ज्यात जास्त सुटते तेच काढायचे, अशा सरळ विचाराने मालक औद्योगिक रंगाचे २० घाणे काढील आणि एक लाख रुपये मिळवील. समीकरणे सोडवली तर घरगुतीचे १६ आणि औद्योगिकचे १२ घाणे निघतात आणि मिळकत १,०८,००० होते. आठवड्याला आठ हजारांचा हा फरक लहान कारखान्याला थोडा नाही. पण त्याच गणितातून आणखी तीन आकडे निघतात आणि माझ्या मते ते अधिक मोलाचे आहेत. मिक्सरचा एक जादा तास मिळाला तर मिळकत १,१२५ रुपयांनी वाढेल, भरणीचा एक जादा तास २५० रुपयांनी वाढवील आणि गोदामातली जादा जागा एका पैशानेही वाढवणार नाही. अर्थशास्त्रात यांना छाया किमती म्हणतात. भरणीच्या कामगारांना ताशी ३०० रुपये ओव्हरटाइम द्यावा लागत असेल तर तो घेऊ नये, दुसरे गोदाम भाड्याने घ्यायचा विचार सोडून द्यावा आणि पैसा मिक्सरवर घालावा, हे मालकाला लगेच दिसते. आणि मिक्सरचे तास वाढवत १३६ वर नेले की गोदाम आडवे येते, आतापर्यंत फुकट वाटलेल्या जागेला अचानक किंमत येते, हेही तेच गणित सांगते. हे सारे एक्सेलमधल्या सॉल्व्हरवर काही मिनिटांत होते. वेळ लागतो तो मिक्सर खरोखर किती तास चालतो हे नीट लिहून ठेवायला, आणि तेवढी शिस्तही अनेक ठिकाणी नसते.

उणिवेची किंमत उघड होणे व्यवस्थांना नेहमीच अवघड जाते, याची साक्ष या पद्धतीच्या इतिहासात आहे. लेनिनग्राडच्या प्लायवूड उद्योगाने आपल्या यंत्रांवर कामाची वाटणी कशी करावी हा प्रश्न लिओनिद कांतोरोविच या तरुण गणितज्ञाकडे नेला आणि त्याने १९३९ मध्ये त्यातून एक सर्वसाधारण पद्धत मांडली. संपूर्ण अर्थव्यवस्थेला ती लावणारे पुस्तक त्याने १९४२ मध्ये लिहिले. ते छापले गेले १९५९ मध्ये. यंत्राच्या तासाला आणि जमिनीच्या तुकड्याला गणितातून किंमत निघते, हे सोव्हिएत रशियाच्या अधिकृत सिद्धांताला मानवणारे नव्हते. अमेरिकेत जॉर्ज डँटझिगने १९४७ मध्ये हवाई दलाच्या नियोजनासाठी सिम्प्लेक्स पद्धत शोधली. कांतोरोविच आणि त्यालिंग कूपमन्स यांना १९७५ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले; डँटझिगला त्यात वाटा मिळायला हवा होता, असे मला आजही वाटते.

या इतिहासात एक मराठी नाव ठळक आहे. सिम्प्लेक्स पद्धत शक्य उत्तरांच्या बहुफलकाच्या कडेकडेने, एका कोपऱ्यावरून दुसऱ्यावर जात सर्वांत चांगला कोपरा गाठते. व्यवहारात ती वेगवान असते, पण काही प्रश्नांत तिला अफाट पायऱ्या लागतात, हे १९७२ मध्ये क्ली आणि मिंटी या गणितज्ञांनी दाखवले. १९७९ मध्ये खाचियानने सिद्धांतात तोड काढली, पण प्रत्यक्षात ती संथ निघाली. ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबात जन्मलेले, खाडीपलीकडच्या पवईतून आयआयटीची पदवी घेतलेले नरेंद्र करमरकर बेल लॅब्जमध्ये असताना त्यांनी १९८४ मध्ये कडा सोडून बहुफलकाच्या आतून वाट काढणारी पद्धत मांडली. ती सिद्धांतातही जलद होती आणि व्यवहारातही चालली. आज लाखो चलांचे प्रश्न सोडवले जातात त्यामागे या अंतर्गत मार्गाच्या पद्धतींचा मोठा हात आहे. याचा अर्थ आपण नीट समजून घ्यायला हवा. गणित सुटत नाही म्हणून योजना अडते, ही सबब चाळीस वर्षांपूर्वीच संपली. आता अडते ते मांडणीपाशी, आणि मांडणी करणे हे माणसांचे काम आहे.

उद्दिष्ट कोणते लिहिता यावर सारे उत्तर ठरते. १९८० च्या दशकात विजेचा तुटवडा असताना टाटा स्टीलने जमशेदपूरला कोणत्या विभागाला किती वीज द्यावी हे ठरवण्यासाठी अशी गणिती मांडणी वापरली. त्यातून पुढे आलेली मोठी गोष्ट अशी, की जास्तीत जास्त टन पोलाद काढणे आणि जास्तीत जास्त नफा मिळवणे ही दोन उद्दिष्टे वेगवेगळ्या योजनांकडे नेतात. टनांवर मन लावून बसलेल्या उद्योगाला आपले उद्दिष्ट पुन्हा तपासावे लागले. जी मर्यादा लिहिली नाही, ती गणिताला दिसतही नाही. डँटझिगने स्वतःसाठी वजन उतरवणारा आहार गणिताने काढला, तेव्हा पहिल्या उत्तरात दिवसाला पाचशे गॅलन व्हिनेगर आले, कारण माणूस व्हिनेगर किती पिऊ शकतो ही मर्यादा कोणी लिहिलेलीच नव्हती.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आक्षेप असा की जग सरळ रेषेत चालत नाही. दुप्पट माल घेतला की भाव उतरतो, आणि बस साडेतीन पाठवता येत नाही. हे खरे आहे, आणि म्हणूनच १९६० मध्ये एल्सा लँड आणि ॲलिसन डॉइग यांनी पूर्णांकी प्रश्नांसाठी शाखा पाडत जाणारी पद्धत दिली. वळणदार खर्चही तुकड्यातुकड्यांच्या रेषांनी जवळपास पकडता येतो. दुसरा आक्षेप आकड्यांच्या कच्चेपणाचा. आकडे कच्चे असतील तर अंदाजाने घेतलेला निर्णयही त्याच कच्च्या आकड्यांवर उभा असतो, फक्त ते कोणाला दिसत नाही. उलट कोणता आकडा किती हलला तर उत्तर बदलते हे संवेदनशीलतेच्या विश्लेषणात कळते, आणि मोजमापाचा खर्च कुठे करायचा तेही त्यावरून ठरते. अनुभवी पर्यवेक्षकाची जागा संगणक घेईल, ही भीती मला फारशी पटत नाही. चांगली मांडणी त्याच्याकडूनच घ्यावी लागते.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि या भूमीवर तो टाळून पुढे जाणे योग्य नाही. इष्टतम वाटपाच्या नावाखाली दुबळ्यांचा बळी जातो, असे म्हणतात. नवी मुंबईसाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्या आगरी, कोळी आणि इतर शेतकऱ्यांनी न्याय्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा दिला. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मे झाले. त्यानंतर १९९० मध्ये संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. मी याकडे असे पाहतो: शहराच्या मूळ मांडणीत जमीन हे साधन होते, पण त्या जमिनीवर जगणाऱ्या माणसांचा हक्क ही मर्यादा म्हणून पुरेशी लिहिलेली नव्हती. ती पुढे रक्त सांडून लिहावी लागली. याचा दोष गणितावर टाकता येणार नाही, कारण तसे उघड गणित मांडलेच गेले नव्हते. ते मांडले असते तर मर्यादांच्या यादीत या माणसांची ओळ कोरी आहे हे कोणालाही बोट ठेवून दाखवता आले असते. आपोआप न्याय झाला असता असा माझा दावा नाही. न्यायाची मागणी कुठे नोंदवायची ती जागा मात्र दिसली असती, आणि लोकशाहीत तेही थोडे नाही.

म्हणून मी आज पाण्याचा विषय परिषदेपुढे ठेवतो. नवी मुंबई महापालिकेचे स्वतःचे मोरबे धरण खालापूर तालुक्यात आहे, औद्योगिक पट्ट्याला एमआयडीसीमार्फत बारवी धरणाचे पाणी येते, सिडकोच्या दक्षिणेकडच्या नोडांची मदार हेटवणेवर आहे आणि पनवेलला देहरंगचे पाणी मिळते. शिवाय शुद्ध केलेले सांडपाणी उद्योगांना देण्याची सोय उभी राहिली आहे. अनेक उगम, अनेक ग्राहक, मधल्या जलवाहिन्यांची ठरावीक क्षमता. रेषीय नियोजनात ज्याला ‘वाहतुकीचा प्रश्न’ म्हणतात, त्याचे हे पुस्तकात घालण्याजोगे रूप आहे. त्यात दरडोई दररोज १३५ लिटर ही केंद्राच्या मार्गदर्शिकेतली पातळी प्रत्येक नोडसाठी, गावठाणासाठी आणि झोपडपट्टीसाठी अटळ मर्यादा म्हणून लिहावी आणि तिच्या वर जे उरेल त्याचेच वाटप कमीत कमी खर्चाच्या उद्दिष्टाने करावे. मग छाया किमती बोलू लागतील. एखाद्या वस्तीची मर्यादा पाळायला फार खर्च येतो असे दिसले तर तिथे पाणी कमी करावे असा त्याचा अर्थ नव्हे. तिथली जलवाहिनी आधी वाढवावी असा आहे. शुद्ध सांडपाण्याचा प्रत्येक लिटर उद्योगाने घेतला की पिण्याचे किती पाणी मोकळे होते आणि त्याचे मोल किती, हेही रुपयांत मांडता येईल. चार संस्थांनी चार कागद करण्याऐवजी एकच मांडणी केली तर एका धरणात पाणी कमी असताना दुसरीकडून किती आणता येईल हे पाऊस लांबण्याआधीच कळेल.

पाणीकपात जाहीर होते तेव्हा नागरिकाला टक्का आणि वार कळतो. त्याऐवजी कोणती मर्यादा गाठली गेली, ती सैल करायला किती खर्च येईल आणि कपात कोणत्या उद्दिष्टाने वाटली, हे जाहिरातीत चार ओळींत छापता येते. असा पहिला मसुदा या परिषदेच्या गटाने तयार करावा, त्यात प्रत्येक नोडची मागणी आणि प्रत्येक जलवाहिनीची क्षमता भरायला नवी मुंबई आणि पनवेल या महापालिका, सिडको आणि एमआयडीसी यांच्याकडे आकडे मागावेत, आणि ज्या चौकटी रिकाम्या राहतील त्या रिकाम्याच ठेवून मसुदा लोकांपुढे मांडावा, अशी माझी सूचना आहे. उद्याच्या सत्रात ती चर्चेला घ्यावी.